मशीन न वाचणारी ओळ

माणिक सोवनींना दोन भाषा अगदी मनापासून यायच्या, आणि लखनऊमध्ये दोन्ही बोलायला माणूस मिळायचा नाही. एक मराठी आणि दुसरी फोरट्रॅन. हिंदी होती, पण ती भाजीवाल्याशी आणि वरिष्ठांशी. इंग्रजी फायलींपुरती. पोटातलं काही बोलायचं झालं की बाईंना या दोनच भाषा आठवायच्या.

मराठीचं दुखणं घरातलं होतं. नवरा नरेंद्रराव रेल्वेत, मानक नगरच्या कॉलनीत क्वार्टर, स्वभावाने मितभाषी. इतके मितभाषी की चहात साखर नसली तरी ते चहा संपल्यावर सांगत. मुलगी अंतरा सगळं मराठी समजायची आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायची. "अंतरा, पान वाढलंय," म्हटलं की आतून "आ रही हूँ, आई" येणार. बरीच वर्षं टोकून झाल्यावर बाईंनी तो नाद सोडला.

फोरट्रॅनचं दुखणं ऑफिसातलं. फोरट्रॅन ही कम्प्युटरला काम सांगण्याची भाषा, १९५७ सालातली, म्हणजे बाईंपेक्षा थोडीशी धाकटी. अमरावतीहून गणितात एम.एस्सी. करून, लग्न होऊन बाई लखनऊला आल्या आणि कानपूर रोडवरच्या नदीप्रवाह अभ्यास केंद्रात लागल्या, तेव्हा हीच भाषा राणी होती. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. एका ओळीचं एक कार्ड, आणि सगळी कार्डं क्रमाने लागली तरच प्रोग्रॅम. एकदा जिन्यात बाईंचा पाय सटकला आणि हातातला गठ्ठा खालच्या मजल्यापर्यंत पत्त्यांसारखा पसरला. कार्डांवर क्रमांक घालायचा आळस केलेला. मग काय, साडी खोचून बाई दुपारभर पायऱ्यांवर बसून कार्डं लावत होत्या आणि संचालक भिंतीला चिकटून वर जात होते.

त्या गठ्ठ्यात 'प्रवाह' होता. फोरट्रॅनमध्ये तेव्हा नावाला सहाच अक्षरं मिळायची, आणि रोमन लिपीत 'प्रवाह' बरोबर सहा अक्षरांत बसत होता. डोंगरात इतका पाऊस पडला तर खालच्या बंधाऱ्याशी पाणी किती चढेल आणि किती दरवाजे उघडावे लागतील, हे तो सांगायचा. आकडा चुकला तर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची गावं झोपेत बुडणार, म्हणून बाई त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत.

पुढे भाषांची रांगच लागली. हिशेब खात्यात कोबोल आधीपासून होतीच, वाक्यंच्या वाक्यं लिहायला लावणारी, अगदी सरकारी. बेसिक आली, तिला सगळ्यांनी पोरासोरांची म्हणून हसून घेतलं. पास्कल आली, शिस्तीची आणि देखणी, कॉलेजांतून मिरवली आणि ओसरली. सी आली ती मात्र मुक्काम ठोकायलाच. तिच्या मागून सी प्लस प्लस आणि मग सगळ्यांच्या तोंडी झाली ती जावा. प्रत्येक भाषेबरोबर एक नवा साहेब यायचा आणि म्हणायचा, आता सगळं हिच्यातच लिहायचं. मग साहेबाची बदली व्हायची आणि प्रवाह होता तिथेच असायचा. कार्डांवरून टेपवर गेला, टेपवरून डिस्कवर, पण भाषा तीच आणि लिहिणारी बाई तीच. तिच्याशी त्या भाषेत बोलणारे मात्र एकेक करून निवृत्त झाले.

अशात २००३ साली सुबोध आला. सुबोध आरवाडे, सांगलीचा, शिक्षण संपवून थेट लखनऊत पडलेला. बाईंनी त्याला प्रवाहचा छापील गठ्ठा दिला आणि तो पहिल्याच पानावर खो खो हसत सुटला. कारण प्रोग्रॅममध्ये मधेमधे रोमन अक्षरांत चक्क मराठी लिहिलेलं होतं. 'इथे हात लावू नका, पावसाळ्यात रडाल.' 'हा आकडा बंधाऱ्यावर जाऊन मोजून आणला आहे, बदलू नये.' आणि अगदी पहिली ओळ: 'हे माणिक सोवनीने लिहिलं. अडलं तर विचारा.'

"काकू, हे चालतं?" त्याने विचारलं. पहिल्याच दिवशी 'मॅडम' न म्हणता 'काकू' म्हणाला, आणि बाई तिथेच विरघळल्या.

"ओळीच्या पहिल्या घरात सी लिहायचा. मग मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं."

"मशीन वाचतच नाही तर लिहायची कशाला?"

"आपल्या मागून येणाऱ्यासाठी. मशीनला काम कळलं की झालं रे. माणसाला कारण कळावं लागतं."

सुबोध हुशार होता, यात वाद नाही. बाईंनी त्याला हातचं राखून काही शिकवलं नाही. फोरट्रॅनचा तो जुना विक्षिप्त नियमही शिकवला: ज्या नावाचं पहिलं अक्षर आय पासून एन पर्यंतचं, त्यात फक्त पूर्णांक राहणार, अपूर्णांकाचा तुकडा मशीन गुपचूप टाकून देणार. बाकीच्या अक्षरांत अपूर्णांक चालणार. "म्हणजे बघ," बाई म्हणायच्या, "एम म्हणून मी पूर्ण, एन म्हणून नरेंद्रराव पूर्ण. तू एस. तू अपूर्णांक." यावर नरेंद्ररावसुद्धा हसले होते, आणि ते हसले म्हणजे बघा.

दर शनिवारी सुबोध मानक नगरला जेवायला यायचा. बाई भरलं वांगं करायच्या, त्याला सांगलीची आठवण येते म्हणून जास्त तिखट. जेवता जेवता तो खोदून खोदून विचारायचा आणि बाई सांगायच्या, कार्डांचं, जिन्यातल्या फजितीचं, कोबोलवाल्यांशी झालेल्या भांडणांचं. मराठी आणि फोरट्रॅन एकाच ताटावर. इतक्या वर्षांचं साचलेलं त्या भडाभडा बोलायच्या आणि शनिवार संपला की पुढच्या शनिवारची वाट बघायच्या.

२००६ मध्ये जावाच्या प्रशिक्षणाची एक जागा आली, हैदराबादला. विभागप्रमुख हेमचंद्र पांडे म्हणाले, "मैडम, आप सीनियर हैं, आपका हक़ बनता है." बाईंनी हात जोडले. "मेरे कितने साल बचे हैं पांडेजी, सुबोध को भेजिए. उसके काम आएगी." सुबोध गेला, शिकून आला, येताना काकूंसाठी मोत्यांच्या कुड्या घेऊन आला. बाई त्या कुड्या रोज घालायच्या.

२०१० साली केंद्रात नवी मशीनं आली आणि जुनी फोरट्रॅन त्यांच्यावर चालेना. प्रवाह जावामध्ये नव्याने लिहायचा ठरला. काम सुबोधकडे. बाईंना वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्यांनी मनाशी हिशेब घातला, निवृत्ती आलीच आहे, आपल्या मागे कुणीतरी सांभाळायला हवंच. वर्षभर त्या सुबोधच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. प्रोग्रॅम या ओळीवरून उडी मारून तिथेच का जातो, हा आकडा कुठून आला, मराठीतल्या एकेका ओळीमागची हकिगत काय, सगळं सांगितलं. मागितली फक्त एक गोष्ट.

"सुबोध, ती पहिली ओळ तेवढी नव्यात ठेव."

"काकू, हे काय सांगणं झालं? जशीच्या तशी ठेवतो."

२०११ च्या सप्टेंबरात केंद्रात हिंदी पखवाडा, म्हणजे हिंदीचा पंधरवडा, झाला. दरवर्षी व्हायचा. निबंध, काव्यपाठ, शुद्धलेखन, आणि ज्याला बोलता येतं त्याचं एक व्याख्यान. त्या वर्षी व्याख्यान सुबोधचं होतं, विषय 'कम्प्यूटर भाषाओं का इतिहास', आणि शेवटी नव्या प्रवाहचं उद्घाटन. बाई ठेवणीतली साडी नेसून, कुड्या घालून पुढेच जाऊन बसल्या. बोलताना त्याचा घसा धरायचा म्हणून पर्समध्ये खडीसाखर घेतली होती.

सुबोध सुरेख बोलला. मशीनला आधी फक्त शून्य आणि एक कळायचं, मग माणसांनी त्याच्याशी बोलायला भाषा घडवल्या, कुठली कशासाठी आली आणि का मागे पडली, सगळं रंगवून सांगितलं. मग पडद्यावर कार्डाचं चित्र आलं आणि तो म्हणाला, "पुराने ज़माने की एक मोहतरमा के हाथ से कार्ड सीढ़ियों पर गिर गए. बेचारी सारी दोपहर बैठी बीनती रहीं!" सभागृह हसलं. बाईही हसल्या. वाटलं, आता तो आपल्याकडे हात करून सांगेल, ती मोहतरमा ही बघा इथे बसली आहे. त्यांनी पदरसुद्धा सावरला.

सुबोधने पुढचं पान लावलं.

'पुराना प्रोग्राम: फोरट्रॅन. मूल लेखक: अनुपलब्ध. टिप्पणियाँ: किसी अज्ञात भाषा में. वर्तमान में समझने वाला: कोई नहीं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. टाळ्या झाल्या, संचालकांनी बटण दाबलं, नव्या प्रवाहच्या पहिल्या पानावर सुबोधचं आणि पांडेजींचं नाव झळकलं. पर्समधली खडीसाखर बाईंच्या मुठीत चिकट झाली होती.

चहाच्या टेबलापाशी त्यांनी त्याला गाठलं. "सुबोध, मी अनुपलब्ध आहे?"

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मॅडम, ते मंत्रालयाच्या प्रस्तावात तसं लिहावं लागलं. लिहिणारी व्यक्ती हयात आहे, इथेच बसते म्हटलं, तर ते म्हणणार मग नवीन कशाला, तिच्याकडूनच चालवून घ्या. कुणालाच कळत नाही म्हटलं तेव्हा मंजुरी मिळाली. तेच पान भाषणात लावलं, बस्स."

"आणि अज्ञात भाषा? मराठी तुला अज्ञात आहे?"

"मंत्रालयात कुणाला कळणार होती?"

"लिहिणारा तू होतास."

तेवढ्यात पांडेजी सामोसा घेऊन मध्ये आले. "अरे मैडम, दिल पे मत लीजिए. काग़ज़ का पेट भरना पड़ता है." पांडेजींचं बाईंना काही वाटलं नाही. पांडेजी त्यांच्या घरी कधी जेवले नव्हते. पण सुबोध मराठीत बोलता बोलता 'काकू'चं 'मॅडम' करून बसला होता, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

घरी येऊन बाईंनी कुड्या काढून ठेवल्या त्या ठेवल्याच. नरेंद्ररावांना सगळं सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "वर्षभर तुला शेजारी बसवून घेतलं, ते याच्यासाठी." एवढं बोलायला त्यांना वेळ लागला, पण नेमकं बोलले. आधी कागदावर बाईंना नाहीसं करायचं आणि मग रोज सकाळी त्यांच्याकडूनच शिकून घ्यायचं, हे सुबोधने वर्षभर हसतमुखाने केलं होतं. त्या वर्षातले सगळे शनिवारही तो जेवून गेला होता. बाईंना रडू आलं ते त्या वांग्याच्या आठवणीने, आणि मग स्वतःचाच राग आला की रडायला आपल्याला हेच सापडलं.

शनिवार बंद झाला. ऑफिसात बाईंना वाचनालयाची जुनी मासिकं लावायचं काम मिळालं. त्या ते चोख करत. सुबोध वाटेत भेटला की नमस्कार करायचा, त्याही मान हलवायच्या.

पुढच्या पावसाळ्यात, शनिवारीच, ऐन जेवणाच्या वेळी दारावरची घंटा वाजली. दारात सुबोध, बगलेत लॅपटॉप, अंगावर घाम. नरेंद्ररावांनी दार उघडलं आणि 'ये' म्हणाले नाहीत. "काय काम आहे?" म्हणाले.

काम प्रवाहचं होतं. नवा प्रोग्रॅम बंधाऱ्याशी पाणी कमी दाखवत होता आणि तिथला माणूस फोनवर सांगत होता की पाणी वरच्या खुणेला टेकत आलंय. दोन दिवस सगळी टीम डोकं फोडत होती. वर डोंगरात पाऊस सुरूच होता.

बाईंच्या जिभेवर आलं होतं, मूल लेखक अनुपलब्ध आहे, मंत्रालयाला विचार. वर्षभर त्यांनी ते वाक्य मनात घोळवलं होतं, नेमका असाच प्रसंग यावा म्हणून. पण बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची गावं त्यांनी पायी फिरून पाहिली होती, तिथे मोजणीला गेल्यावर लोकांनी खाटा टाकून ताक दिलं होतं. सुबोधवरचा राग त्या माणसांच्या डोक्यावर कसा काढायचा? त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुतले.

"दरवाजे किती उघडायला सांगतोय?"

"सहा पॉइंट आठ."

"पुरात त्या बंधाऱ्याचा दरवाजा अर्धामुर्धा उघडतात का? उघडला तर पूर्ण, नाहीतर बंद. सहाच उघडणार आहेत. तुझा प्रोग्रॅम आठ दशांश दरवाजाचं पाणी सोडून दिल्याचं धरून चाललाय, म्हणून पाणी कमी दाखवतोय."

सुबोधने डोळे मिटले. जुन्या प्रोग्रॅममध्ये दरवाज्यांचं नाव 'कवाड' होतं, के अक्षराने सुरू होणारं, म्हणून फोरट्रॅन अपूर्णांकाचा तुकडा आपोआप टाकून द्यायची. जावाला असलं काही ठाऊक नाही, तिला सगळं उघड सांगावं लागतं. सुबोधने सगळे आकडे सरसकट अपूर्णांक करून टाकले होते. बाईंनी त्याला हा नियम याच टेबलाशी बसून, थट्टा करत शिकवला होता.

"सरक," बाई म्हणाल्या. "मी घालते." त्याने सांगितलं तशी त्यांनी दुरुस्ती टाइप केली. मग विचारलं, "तुझ्या जावात मशीनने वाचू नये अशी ओळ कशी लिहितात?"

"दोन तिरक्या रेघा द्यायच्या, काकू."

काकू. बाईंनी वर पाहिलं नाही. दोन तिरक्या रेघा दिल्या आणि दुरुस्तीच्या डोक्यावर लिहिलं: 'हे माणिक सोवनीने दुरुस्त केलं. अडलं तर विचारा.'

प्रोग्रॅम चालला, आकडा जुळला. फोन गेले, माणसं वेळेत उंचावर हलली. सुबोध पायऱ्या उतरताना वळून म्हणाला, "ही ओळ राहील, काकू. शब्द." नरेंद्ररावांनी दार लावून घेतलं. पण बाईंनी त्या दिवशी कपाटातून कुड्या काढून पाहिल्या आणि परत ठेवल्या. माणूस किती पटकन विश्वास ठेवायला निघतो, याची त्यांना मागाहून फार लाज वाटली.

२०१३ च्या जूनअखेर बाई निवृत्त झाल्या. शाल, चिकनकारीची साडी, हार, भाषणं. पांडेजी म्हणाले, मैडम इस केंद्र की शान हैं. सुबोध आता विभागप्रमुख व्हायच्या वाटेवर होता. त्यानेही दोन शब्द सांगितले आणि त्या शब्दांत फोरट्रॅन नव्हती. सगळं आटोपल्यावर बाई त्याच्या केबिनमध्ये गेल्या.

"जाता जाता प्रवाह एकदा दाखव. कवाडांची जागा."

त्याने ती जागा पडद्यावर आणली. दुरुस्ती जशीच्या तशी होती, एक अक्षर बदललेलं नव्हतं. तिच्या डोक्यावरची ओळ मात्र गेली होती. बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणखी एक पान सरकवायला लावलं. प्रोग्रॅमभर कुठेही त्या नव्हत्या.

"ते मागे ऑडिट झालं ना मॅडम," सुबोध म्हणाला. "तेव्हा मराठीतलं सगळं साफ केलं. दुरुस्ती कुणाची, कधीची, असले प्रश्न निघतात उगाच." मग त्यांचा चेहरा पाहून तो हसला, जुन्या शनिवारी हसायचा तसाच. "आणि तसंही मशीन ती ओळ वाचत नाही. तुम्हीच तर शिकवलं होतंत."

बाईंनी खांद्यावरची शाल नीट केली.

"मशीनसाठी लिहिलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी लिहिली होती, सुबोध."